एवढंसं खळं : दान्तेचा स्वर्ग मराठीत आणताना ठेवलेल्या नोंदी

३० डिसेंबर २०२४, वेळ अमावस्या

शेतातून येऊन हातपाय धुतले आणि ही वही उघडली. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, भज्जी-अंबील पोटभर झालं, आणि परतीच्या वाटेवर मनाशी पक्कं झालं.

अंबाजोगाईच्या आमच्या वाचनगटात आम्ही सातजणी आहोत. दान्ते या इटालियन कवीच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त तो स्वतःच परलोकातून फिरून येतो. तिचा पहिला भाग, नरकाचा, वाचला तेव्हा प्रत्येकीला काही ना काही बोलायचं होतं. दुसऱ्या भागाला चारजणी उरल्या. तिसऱ्याला, स्वर्गाच्या भागाला, कुणी हातच लावेना. “सुखाचं काय वाचायचं? दुःख असलं की कळतं तरी,” असं एकजण म्हणाली आणि ते मला लागलं. मी हा भाग दोनदा वाचलाय. तिन्हींत मला तोच जवळचा आहे, पण का ते त्या दिवशी सांगता आलं नाही.

म्हणून हे काम. तेहतीस सर्ग, ४,७५८ ओळी, एवढं सगळं माझ्याच्यानं होणार नाही. पाच-सहा जागा निवडून मराठीत करायच्या आणि २५ मार्चला गटात वाचायच्या. इटलीत २०२० पासून हा दिवस दान्तेच्या नावानं पाळतात, त्याचा तो परलोकीचा प्रवास या तारखेला सुरू झाला असं धरून. हाताशी मूळ इटालियन, दोन इंग्रजी भाषांतरं आणि एक कोश. इटालियन मला येत नाही, शब्दाला शब्द लावत जाते.

६ जानेवारी २०२५

आधी घाट ठरवायचा. दान्तेची कडवी तीन-तीन ओळींची. पहिली आणि तिसरी ओळ जुळते, मधली मोकळी सुटते आणि पुढच्या कडव्यात जाऊन जुळते. चार दिवस कागदावर आकृत्या काढत होते. काल भाचीची वेणी घालताना हातांना कळलं : हे तीन पेडांचं काम आहे. आत्ता मधे आहे तो पेड पुढच्या वळणाला बाहेर येतो. शंभर सर्ग ही वेणी कुठंही न सोडता त्यानं घातली आहे.

मराठीत ही वेणी घालून पाहिली. दहा ओळींत यमकासाठी अर्थ ओढायला लागले. सोडून दिली. ओवी घेते. पहिले तीन चरण जुळलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तीनाचा आकडा राहतो, आणि चौथ्या चरणाला श्वास घ्यायला जागा मिळते. आईच्या जात्यावरच्या ओव्या कानात आहेतच, लय शोधायला लांब जायला नको.

एक गोष्ट गटात नक्की सांगायची. दान्तेनं लॅटिन सोडून आपल्या लोकांच्या बोलीत एवढं मोठं काव्य लिहिलं याचं जगभर कौतुक होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण आमच्या गावाला ते धाडस नवं नाही. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा. दान्ते जन्मला १२६५ला. घळीतल्या त्या समाधीपाशी आम्ही लहानपणापासून डबे घेऊन सहलीला जातो, तेव्हा हे कुणी असं मांडून सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी

तिसरा सर्ग. चंद्राचा स्वर्ग, सगळ्यांत खालचा. इथे पिकार्दा भेटते. फ्लॉरेन्सची मुलगी, जोगीण होऊन मठात गेलेली. भावानं माणसं पाठवून तिला मठातून ओढून आणलं आणि लग्न लावून दिलं. व्रत मोडलं म्हणून तिची जागा खालची. दान्ते विचारतो, तुम्हाला आणखी वरची जागा हवीशी वाटत नाही का? ती हसते. म्हणते, आमची इच्छा प्रेमानं शांत केली आहे, जे आहे तेवढंच हवंसं वाटतं, दुसरी तहान लागत नाही.

माझा संताप झाला. दुसऱ्या वाचनातही झाला होता, पण आज भाषांतर करायचं म्हणून प्रत्येक शब्द हातात धरावा लागला आणि तो जास्त पोळला. भावानं ओढून नेलेल्या बाईनं वर जाऊनही समाधानच मानायचं? हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली तेव्हा आई म्हणाली होती, “करून टाक बाई. त्यानं माहेर तुटत न्हाई.” माहेर तुटलं नाही, हे खरं. पण तिच्या तोंडून ते ऐकताना घशाशी जे आलं होतं, तेच आज पिकार्दा हसली तेव्हा आलं.

दोन गोष्टी मात्र नोंदवून ठेवते. पिकार्दा दान्तेला हाक मारते ती ‘फ्राते’, म्हणजे भाऊ. सख्ख्या भावानं जिचं असं केलं ती परक्याला भाऊ म्हणते. मी ‘दादा’ घेतलं. ‘बंधो’ वगैरे नाही, ती जशी बोलेल तसं. आणि दुसरी, मठातून ओढून नेलं हे सांगितल्यावर तिची एकच ओळ आहे. पुढं माझं आयुष्य कसं गेलं, ते देवाला ठाऊक. बस. एवढ्या मोठ्या काव्यात त्या बाईनं स्वतःच्या संसारावर एक ओळ खर्च केली. जात्यावरच्या ओवीत असंच असतं, सासरचं सगळं एका ओळीत मिटवलेलं. ही ओळ मी तशीच ठेवली, तिच्यावर काही चढवलं नाही.

२२ जानेवारी

रात्री गच्चीवर. सध्या आभाळात दान्तेचे चार स्वर्ग एकाच वेळी दिसतात. मावळतीला शुक्र झगझगीत, त्याच्याजवळ खाली शनी. डोक्यावर रोहिणीशेजारी गुरू. उगवतीकडून मंगळ वर आलेला, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी, तांबूस. त्याच्या काव्यात क्रम असा : चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, मग तारे, मग सगळ्यांना फिरवणारं नववं आकाश, आणि त्यापलीकडे जागा नसलेली जागा. पृथ्वी मधे धरून केलेली मांडणी. चुकीची, पण गच्चीवर उभं राहून पाहिलं तर डोळ्यांना हेच दिसतं.

२ फेब्रुवारी

चौथा सर्ग आधी वाचून मग तिसऱ्याला हात घालायला पाहिजे होता. बिआत्रिचे, दान्तेची प्रिया आणि स्वर्गात त्याला वाट दाखवणारी, इथे सांगते की पिकार्दा चंद्रावर राहतच नाही. सगळे जीव सगळ्यांत वरच्या एकाच ठिकाणी आहेत. तुला कळावं म्हणून ते असे खालच्या-वरच्या आकाशांत येऊन दिसले, माणसाच्या बुद्धीला डोळ्यांना दिसेल तेच आधी कळतं. म्हणजे खालची पायरी ही पाहणाऱ्याच्या सोयीची होती.

माझा राग पुरता गेला नाही. काव्याच्या शेवटी सगळे जीव ज्या शुभ्र गुलाबात बसलेले दिसतात, त्यातही वरच्या आणि खालच्या पाकळ्या आहेतच. पण पिकार्दाचं हसू आता मला वेगळं ऐकू येतं. दान्ते तिला तिच्या पायरीबद्दल विचारत होता आणि ती मोठ्या घरातून फक्त उंबऱ्यापर्यंत आली होती.

यावरून ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय काढला. तिथे स्वर्गाला जायचं तेही ‘पुण्यात्मक पापा’नंच. पुण्य सरलं की इंद्रपणाची उटी उतरते आणि माणूस मृत्युलोकात परत. ज्ञानदेवांनी हे सांगितलं शके १२१२ला, म्हणजे १२९०ला. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये बिआत्रिचे वारली. योगायोगच, पण वहीच्या एका पानावर दोन्ही लिहिलं तेव्हा पेन थांबला. आपल्या परंपरेत स्वर्ग ही धर्मशाळा, दान्तेचा स्वर्ग मुक्कामाचं घर. त्याचा स्वर्ग आपल्या शब्दांत सांगायचा तर ‘वैकुंठ’ म्हणावं लागेल, पण तो शब्द घेतला की विठ्ठल आलाच. ‘स्वर्ग’च ठेवते आणि वाचनाच्या आधी हा फरक सांगते.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

दुसऱ्या सर्गातला प्रयोग घरी करून पाहिला. चंद्रावर डाग का, असं दान्ते विचारतो. चंद्र कुठं विरळ कुठं दाट आहे म्हणून, हे त्याचं उत्तर. बिआत्रिचे ते खोडते आणि म्हणते, तीन आरसे घे. दोन तुझ्यापासून सारख्या अंतरावर ठेव, तिसरा त्यांच्या मधून दिसेल असा आणखी मागे. पाठीमागे दिवा लाव आणि बघ.

भाच्यानं पलंगाखालून जुना आरसा काढला, दोन शेजारून आणले. घरातली लांब बोळ, बाहेरचे दिवे बंद, माझ्या डोक्यामागे स्टुलावर समई. मागच्या आरशातली ज्योत लहान दिसली, गव्हाच्या दाण्याएवढी. पण मंद नव्हती. तीच धग, तोच पिवळा रंग. भाचा तीनदा पुढं-मागं जाऊन बघून आला आणि म्हणाला, “आत्या, लहान झाली पण कमी झाली न्हाई.” भाषांतर करायला मी आठवडा घेतला होता, त्यानं एका वाक्यात केलं. ते वाक्य मी उचललं.

बिआत्रिचेचं पुढचं उत्तर, देवदूतांच्या शक्तीचं, आज टिकत नाही. चंद्रावरचे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं आहेत, बेसॉल्टची. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात, विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो तो काळा पाषाण, त्याच जातीचा. गच्चीवर जाऊन पौर्णिमेचा चंद्र बराच वेळ पाहिला. तिचं उत्तर चुकलं, पण शंका असेल तर दिवा लावून बघ, हे स्वर्गात उभं राहून सांगणारी बाई मला फार आवडते.

१८ फेब्रुवारी

सतरावा सर्ग, थोडक्यात. दान्तेचा खापरपणजा त्याला पुढचं भविष्य सांगतो : परक्याची भाकर किती खारट लागते आणि परक्याचा जिना चढणं-उतरणं किती अवघड असतं, हे तुला कळेल. दान्तेला १३०२ला फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं, तो परत गेलाच नाही, १३२१ला राव्हेन्नात वारला. त्याच्या मुलखातली भाकर बिनमिठाची असते, त्यामुळे खारट म्हणजे खरोखरच खारट.

यावर टीप लिहायची गरज वाटली नाही. माझ्या वर्गातली अकरा पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. त्यांतला कुणी एप्रिलमध्ये परत आला आणि ही ओळ त्याच्यापुढे ठेवली, तर तो मलाच चार गोष्टी सांगेल.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

एकोणिसावा सर्ग. इथे मी या काव्यात स्वतःला शोधते.

गुरूच्या आकाशात न्यायी राजांचे जीव मिळून एक गरुड होतात आणि तो बोलतो. दान्तेच्या मनात बरीच वर्षं कुरतडणारा प्रश्न तो न विचारताच ओळखतो. तू म्हणायचास, सिंधूच्या तीरावर एक माणूस जन्मतो. तिथे ख्रिस्ताचं नाव सांगणारा कुणी नाही, त्याच्याबद्दल वाचणारा-लिहिणारा कुणी नाही. त्याचं वागणं, त्याची इच्छा, माणसाच्या बुद्धीला दिसेल तितकं सगळं चांगलं. तो बाप्तिस्म्यावाचून मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला? त्याची चूक कुठली?

सातशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या एका माणसाला स्वर्गाबद्दल शंका आली तेव्हा तो आपल्याकडे बघत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून चुलीवर आधण ठेवलं होतं, हातांना काहीतरी करायला पाहिजे होतं. माझी आई कुठल्या आकाशात, हे मी तेव्हा त्या काव्याला विचारत होते, आणि काव्यानं तो प्रश्न आधीच विचारून ठेवला होता.

गरुडाचं उत्तर मात्र कडक आहे. वीतभर नजरेच्या माणसा, हजार कोसांवरचा न्याय करायला बसणारा तू कोण? हे उत्तर मला पटत नाही आणि गटात मी तसंच सांगणार आहे. पण तो तिथे थांबत नाही. म्हणतो, ख्रिस्त ख्रिस्त म्हणून ओरडणारे पुष्कळजण शेवटच्या दिवशी त्याच्यापासून, त्याचं नावही न ऐकलेल्यापेक्षा दूर असतील. आणि विसाव्या सर्गात त्याच गरुडाच्या भुवईत ट्रॉयचा रिफिअस निघतो, ख्रिस्ताच्या हजारभर वर्षं आधीचा. रोमन कवी व्हर्जिलनं त्याच्याबद्दल जाता जाता लिहिलं, की तो सगळ्यांत न्यायी होता. एवढ्या आधारावर दान्तेनं त्याला आत घेतलं. दाराला फट ठेवली. सिंधूकाठच्या माणसाचा निकाल त्यानं दिला नाही, पण रिफिअसला आत बसवून ठेवलं.

दान्तेची ही यात्रा १३०० सालची. त्या वर्षी नरसी बामणीचे नामदेव तीस वर्षांचे होते. पुढे ते पंजाबात गेले, सिंधूला मिळणाऱ्या नद्यांच्या मुलखात, आणि त्यांची एकसष्ट पदं आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत. दान्ते ज्या माणसाची कल्पना करत होता तसा एक माणूस त्या काळात खरोखर होता, आणि तो आमच्या मराठवाड्यातून तिकडे गेला होता.

भाषांतरात सिंधूच्या जागी आमची मांजरा नदी टाकायचा मोह झाला. एका मसुद्यात टाकलीही. मग खोडली. त्यानं सिंधू म्हटलं, कारण ते त्याच्या मुलखापासून फार लांब होतं. ते अंतर राहिलं पाहिजे.

५ मार्च

एका शब्दावर आठ दिवस. बाविसाव्या सर्गात दान्ते ताऱ्यांच्या आकाशात पोचतो, मिथुन राशीत. तो जन्मला तेव्हा सूर्य मिथुनेत होता, म्हणून तो त्या ताऱ्यांचे आभार मानतो. बिआत्रिचे म्हणते, आता खाली बघ. तो सातही आकाशांतून खाली बघतो, पृथ्वीचं क्षुद्र रूप बघून हसतो. आणि म्हणतो, ज्याच्यापायी आपण इतके हिंस्र होतो तो तो… पुढचा शब्द ‘आयुओला’. एका इंग्रजी भाषांतरात जमिनीचा तुकडा, दुसऱ्यात खळं. आजच्या इटालियनमध्ये फुलांचा वाफा. मुळात लॅटिन, मोकळी जागा किंवा खळं, त्याचं लहान रूप.

वाफा, तुकडा, वीतभर जमीन, सगळे लावून पाहिले. पण मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं की तो शब्द खळंच आहे.

माझे वडील आण्णा आणि चुलते नाना, दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खळ्याची जागा वाटायची राहिली. दीड गुंठा. दोघांची ज्वारी तिथेच पडायची, आधी कुणाची पात धरायची, म्हणजे मळणीला बैलांची रांग कुणी आधी फिरवायची, यावरून सुरू झालं. एका सकाळी तिवडा, बैल ज्याभोवती फिरतात तो खळ्याच्या मधला खांब, जागेवर नव्हता. आडात टाकलेला सापडला, वरचं टोक पाण्याबाहेर. मी नऊ वर्षांची होते, आडात वाकून पाहिलेलं ते टोक अजून दिसतं. पुढे कोर्ट, अकरा वर्षं. दोन घरांतल्या पाच लग्नांत एकमेकांच्या पंगतीला कुणी बसलं नाही. निकाल लागेपर्यंत मळणीयंत्रं आली होती, खळ्याचं कुणाला काही काम उरलं नव्हतं. आज तिथे बाभळी आहेत.

केलेली ओवी :

एवढंसं ते खळं, ज्यापायी माणूस पिसाळे,
मिथुनासंगे फिरता फिरता अवघे दिसले,
डोंगरापासून नदीच्या मुखाशी पसरले;
मग वळले डोळे, तिच्या डोळ्यांकडे.

‘एवढंसं’ या शब्दात ते लहान रूप आलं. चौथा चरण महत्त्वाचा आहे. पृथ्वी बघून झाल्यावर तो लगेच प्रेमाच्या माणसाकडे बघतो. ‘अवघे’ जुनं वाटतंय, पण जागेवरून हलत नाही.

९ मार्च

आण्णा आठ दिवसांसाठी आलेत. अठ्ठाविसाव्या सर्गात अडले होते. दान्तेला एक प्रकाशाचा बिंदू दिसतो, त्याभोवती देवदूतांची नऊ कडी फिरतात. जगात बाहेरचं आकाश सगळ्यांत वेगवान, इथे उलटं, बिंदूजवळचं कडं सगळ्यांत वेगानं फिरतं. तो गोंधळतो. मलाही हे डोळ्यांपुढे आणता येईना.

आण्णांना विचारलं, पात कशी धरायचे? कपभर चहा गार होईपर्यंत ते बोलत होते. “तिवड्याजवळ म्हातारा बैल बांधायचा. त्याला फिरायचं थोडंच असतं. भायेरला तरणा. त्याला पळावं लागतं, लांबचा फेरा हाय ना.” मी म्हटलं, आणि आतला जास्त पळायला लागला तर? ते माझ्याकडे बघतच राहिले. “आसं कसं व्हईल? तिवडाच त्याला वढत आसंल तर.”

त्यांना काव्यातलं काही सांगितलं नव्हतं. बिआत्रिचेचं उत्तर हेच आहे. आकार बघू नकोस, ओढ बघ. जे कडं बिंदूच्या जवळ, त्याला ओढ जास्त, म्हणून वेग जास्त. सर्गाच्या भाषांतरात बैल आणणार नाही, पण वाचायच्या आधी पातीचं सांगणार. आमच्यातल्या पाचजणींनी पात पाहिलेली आहे.

२५ मार्च

वाचन झालं. आमच्या गच्चीवर, सातला. सहाजणी आल्या, एकीचं पोरगं तापलं होतं. आकाश काळंभोर, चंद्र पहाटेशिवाय नाही. मिथुन डोक्यावर, त्यात मंगळ. बाविसावा सर्ग वाचताना वर बोट करता आलं, तेवढ्यासाठी गच्ची घेतली होती.

पिकार्दावर तासभर भांडण झालं. सुखाचं काय वाचायचं म्हणणारी सगळ्यांत जास्त बोलली. “ती हसली कारण तिला कळलं की या दादाला अजून पायऱ्याच दिसतात,” असं तिचं म्हणणं. मी दोन महिन्यांत जिथे पोचले तिथे ती वीस मिनिटांत पोचली. सिंधूच्या माणसावर कुणी काही बोललं नाही. बराच वेळ. मग एकीनं तीच ओवी पुन्हा वाचायला सांगितली.

आण्णा जिन्याजवळ खुर्चीवर बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून खळ्याची ओवी मी मोठ्यानं वाचली. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही. सगळ्या गेल्यावर म्हणाले, “ते खळ्याचं मोठ्या अक्षरात लिहून दे.” वहीचं पान फाडून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि पिशवीतल्या सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलं.

२८ मार्च

आण्णांना आज एसटीत बसवलं. भावाचा रात्री फोन आला : गावी उतरल्यावर घरी न येता ते आधी नानांच्या घरी गेले, काकूकडे. जेवूनच आले म्हणे.

राहिलेलं काम : एकतिसावा सर्ग. बिआत्रिचे काही न सांगता आपल्या जागी जाऊन बसते, दान्ते वळून पाहतो तर शेजारी तिच्याऐवजी एक म्हातारा उभा. दान्ते तिचे आभार मानतो, ती लांबून एकदा हसते आणि तोंड फिरवते. ‘तोंड फिरवते’ चालणार नाही, त्यात राग येतो. ‘वळते’ फार कोरडं. पाडव्यानंतर बसेन.